दुखरा पाय आधी

काठी घ्यायची म्हणजे पैसे द्यायचे आणि घ्यायची, असं हर्षालीला वाटलं होतं. पण नारायणगावच्या मेडिकलमध्ये मदनलालशेठांनी काठी आधी काउंटरवर आडवी ठेवली, मग उभी धरली आणि चष्म्यावरून विचारलं, "पेशंट किती उंच?"

हर्षालीने हात आपल्या कानापाशी नेला. "एवढी. आत्या आहे माझी. गुडघा बदललाय तिचा."

"मग हे बघ." काठीच्या नळीला ओळीने भोकं होती आणि त्यातल्या एकातून छोटं बटण बाहेर डोकावत होतं. शेठांनी ते अंगठ्याने दाबलं, नळी सरकवली. खट्. "मूठ मनगटाशी आली पाहिजे. भोक चुकलं की गुडघा राहतो बाजूला, कंबर जाते. आणि खालचं हे रबर वर्षभर तरी बघायला नको. तुझी आत्या काय भीमाशंकरला चालत जाणार नाही."

मंचरपर्यंत जीप आणि पुढे शिनोलीपर्यंत एस.टी. असा प्रवास होता. दिवाळीची सुट्टी लागली होती. काठी दोन्ही पायांच्या मध्ये धरून हर्षाली खिडकीशी बसली. निघताना आई म्हणाली होती, "आत्या व्यायामच करत नाही म्हणे. आता गुडघा वाकला नाही तर जन्मभर काठीसारखा ताठ राहील. तू बोलत नाहीस फार, पण डोळे उघडे असतात तुझे. बघ तिथं काय चाललंय."

आत्याचं घर काही जुनंपुराणं नव्हतं. स्लॅबचं, फरशीचं, वर पाण्याची काळी टाकी असलेलं घर. आत्याचे यजमान बाळासाहेबमामा दिवसभर शेतात आणि मुलगा गोरखदादा चाकणला कंपनीत. खालच्या खोलीत बयाआत्याची खाट होती. हर्षालीने आत पाऊल टाकताच एक गोष्ट हेरली. आजारी माणसाची खाट दाराकडे तोंड करून ठेवतात, येणारंजाणारं दिसावं म्हणून. आत्याने ती जिन्याकडे तोंड करून ठेवायला लावली होती.

जिना काळ्या कडप्प्याचा होता. सात-आठ पायऱ्या वर जाऊन तो वळायचा, आणि वळणाच्या वरचं खाटेवरून दिसायचं नाही. पायऱ्यांवर धुळीचा मऊ थर होता.

"वर कोण राहतं?" हर्षालीने विचारलं.

"कोन ऱ्हानार? बंद हाय खोली." आत्याने पांघरूण छातीपर्यंत ओढलं. "तू हात-पाय धू."

दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या स्नेहलताई घोडेगावहून स्कूटीवर आल्या. गोल चेहऱ्याच्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी आत्याच्या टाचेखाली दुमडलेला टॉवेल ठेवला, गुडघा दाबायला लावला, मग टाच मागे ओढायला लावली. आत्या ओठ आवळून करत होती, पण तिची नजर गुडघ्यावर नव्हती. ती जिन्याच्या वळणाकडे बघत होती.

"आज पायऱ्या शिकू," स्नेहलताई म्हणाल्या. "सोपं आहे. चढताना चांगला पाय आधी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. म्हणजे डावा वर, उजवा खाली. म्हणा बघू."

"हळू बोल गं बाई," आत्या कुजबुजली.

"का? कोण झोपलंय का घरात?"

आत्याने नुसता कठडा धरला. दोन पायऱ्या चढली, उतरताना चुकून डावा पाय खाली टाकला. "चुकलं मावशी," ताई मोठ्याने म्हणाल्या, "दुखरा आधी." जाताना त्यांनी नाकाने हवा ओढली. "तेल चोळताय का? लसणाचं? टाक्यांवर तेल लावायचं नाही, सांगितलंय मी."

"म्या न्हाई लावलं."

हर्षालीलाही तो वास आला होता. लसूण कढवलेल्या तेलाचा, कोमट, जरासा करपलेला. स्वयंपाकघरातून येत नव्हता तो. जिन्यावरून खाली उतरत होता.

दुपारी आत्याचा डोळा लागला. मामा शेतावर होते. हर्षाली उंबऱ्यात शेंगा सोलत बसली होती. घरात इतकी शांतता होती की सोललेली शेंग टोपलीत पडली तरी ऐकू येई. तेवढ्यात जिन्याच्या वळणावर आवाज झाला. कठड्यावर तळहात पडल्यासारखा. मग पाऊल. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं पाऊल, ओढत, आणि एक दबका श्वास.

हर्षाली उठली. आत्या चोरून सराव करते की काय? पण आत्या खाटेवरच होती. तिचे डोळे उघडे होते.

"ऐकलंस?" आत्याने विचारलं.

"उंदीर असेल..."

"उंदराला कठडा लागतो व्हय?"

त्या दिवसापासून आत्याने व्यायाम सोडला. टॉवेल ठेवला की पाय ताठ करायची. हर्षालीने विनवलं, रुसून पाहिलं, एकदा तर जेवायचीच नाही म्हणाली. आत्या भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "म्या शिकले की ती शिकती. तुला कसं सांगू?"

ती म्हणजे कोण, हे शेजारच्या गोजरबाईकडून कळलं. गोजरबाई अंगणात वाळवण राखत बसायच्या, आणि वाळवणाबरोबर सगळ्या आळीला.

"ये गं पोरी. तुझ्या आत्याला लोखंडाचा गुडघा बसवलाय म्हनं. भंगारवाल्यापासून जप म्हनावं तिला." त्या स्वतःच हसल्या. मग हर्षालीचा चेहरा बघून आवाज उतरवला. "काय झालं?"

"वरच्या खोलीत कोण राहायचं?"

गोजरबाईंनी कावळा हाकलला. "सखूबाई. तुझ्या मामाची थोरली भावजय. एवढीशी, ठेंगणी, माझ्या काखंत बसंल अशी. दोनी गुडघे गेल्याले. घर बांधलं तवा खालची खोली कांद्याला ठिवली आन् तिला धाडलं वर. चढली ती चढली, मग उतरताच येईना. लसणाचं तेल चोळीत बसायची अन् वरनं हाका मारायची, बया, मला खाली न्ये गं. तुझी आत्या म्हनायची, उद्या." त्या थांबल्या. "न्येली की शेवटी. चौघांनी."

स्नेहलताई पुन्हा आल्या तेव्हा गुडघा बघून संतापल्या. वाकवायला गेल्या तर अर्ध्यावर अडला. "मावशी, असंच चाललं तर परत दवाखान्यात न्यावं लागेल. भूल देऊन जबरदस्तीने वाकवतील. त्यानंही नाही झालं तर झालं, मग आयुष्यभर असाच. शौचाला बसायला माणूस लागेल तुम्हाला."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हर्षालीने तिला गोळी दिली आणि पाण्याचा तांब्या हातात दिला. ताई पाठमोऱ्या होऊन पिशवी आवरत होत्या. तेव्हाच कुणीतरी विचारलं,

"दोनी दुखरे असले तर गं... कुटला आधी?"

आवाज म्हातारा होता, लाजल्यासारखा. हर्षालीने आत्याकडे पाहिलं. आत्याच्या ओठाला तांब्या होता. घशाची घाटी पाणी गिळताना वर-खाली होत होती.

"दोन्ही दुखरे असले तर पाय टाकायचाच नाही," ताई पिशवीची चेन लावत म्हणाल्या. "सरळ पायरीवर बसायचं आणि एकेक पायरी बसून खाली सरकायचं. लहान मुलं उतरतात तसं. त्यात घाबरायचं काय?"

तांब्या आत्याच्या हातून निसटला आणि घरंगळत जिन्याच्या पहिल्या पायरीला जाऊन लागला.

"अगं, का सांगितलंस?" आत्या म्हणाली. ताईंना ते कळलं नाही. त्यांनी पुसून घ्या म्हटलं आणि त्या गेल्या.

संध्याकाळपर्यंत हर्षालीला काही ऐकू आलं नाही. दिवेलागणीला नेहमीसारखी लाइट गेली. तिने देवापुढची समई उचलून खाटेजवळ आणली. वात नीट सारली, काठी आत्याच्या उशाशी टेकवून ठेवली. बाहेर गुरं घराकडे येत होती, त्यांच्या घंटांचा आवाज लांबून येत होता. मग तो थांबला.

तेलाचा वास आला.

जिन्याच्या वळणावर कापड घासल्यासारखं वाजलं. सर्रर्र. आणि मग मऊ, जड, धप्प.

"आत्या..."

"बोलू नगंस."

सर्रर्र. धप्प. घाई नव्हती. प्रत्येक पायरीवर बसून कुणीतरी दम घेत होतं. समईचा उजेड पहिल्या तीन-चार पायऱ्यांपर्यंतच पोचत होता. त्याच्या वर काळोख होता, आणि त्या काळोखात कुणीतरी हलकेच समाधानाने हुंकारलं. नवीन काही जमल्यावर माणूस हुंकारतं तसं.

हर्षालीने आत्याच्या काखेत हात घातला. खाट बुटकी होती. उठायचं तर पाय मागे ओढून, गुडघा पुरता वाकवून उठावं लागणार होतं. "आत्या, वाकव. वाकव ना..." आत्याने पदर तोंडात धरला. आतून काहीतरी उकलल्यासारखं झालं, ती कळवळली, आणि जो गुडघा ताईंकडून वाकला नव्हता तो वाकला. हर्षालीच्या खांद्यावर भार टाकून ती उभी राहिली. काठी घ्यायचं दोघींच्याही ध्यानात आलं नाही. मागे शेवटचं धप्प वाजलं तेव्हा त्या अंगणात होत्या.

गोजरबाईंनी दोघींना आपल्या ओट्यावर बसवलं. मग चहा ठेवला.

थोड्या वेळाने मामा आले, बॅटरी घेऊन घरात गेले. हर्षाली त्यांच्या मागे दारापर्यंत गेली. आत कुणी नव्हतं. जिन्यावरची धूळ वरपासून खालपर्यंत पुसली गेली होती, अगदी मधोमध, एक माणूस बसेल एवढ्या रुंदीचा पट्टा. उशाशी ठेवलेली काठी तिथे नव्हती. ती दाराच्या आतल्या बाजूला उभी होती. ज्या दारातून त्या दोघी बाहेर पडल्या होत्या त्या दाराला टेकून.

मामांनी ती उचलली. ती त्यांच्या मांडीच्याही खाली राहिली. बटण सगळ्यात शेवटच्या भोकात गेलेलं होतं.

मामांनी काठी बॅटरीच्या उजेडात धरली. मग त्यांनी बटणावर अंगठा ठेवला. मागून, गोजरबाईंच्या ओट्यावरून, आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तिला लागंल."

त्यानंतर आत्या रोज व्यायाम करू लागली, कुणी न सांगता. ताईंचं बोलणं आता तिला मोठ्याने चालत होतं. गुडघा किती छान वाकतोय म्हणून ताईंनी हर्षालीची पाठ थोपटली. खाट मात्र आत्याने फिरवून घेतली. आता तिचं तोंड दाराकडे होतं.

सुट्टी संपून हर्षाली नारायणगावला परतली. शाळा सुरू झाली आणि एका संध्याकाळी आत्याचा फोन आला. तब्येत बरी आहे, जिना चढते-उतरते, एक काठी पाठवून दे. आणि हो, एक रबरही.

मदनलालशेठांनी दुसरी काठी काढली, आत्याच्या उंचीचं भोक त्यांच्या लक्षात होतं. खट्. "पहिली हरवली का गं?"

"नाही. ती वापरात आहे."

"मग रबर कशाला? इतक्यात?"

हर्षालीने पिशवीतून जुनं रबर काढून काउंटरवर ठेवलं. आत्याने नमुन्याला म्हणून गोरखदादाबरोबर पाठवलं होतं. शेठांनी ते उजेडात धरलं. एका बाजूने ते पार झिजून आतली पत्र्याची चकती दिसत होती, आणि भेगांमध्ये लाल माती भरली होती.

"एवढं कोण चालतंय?" शेठ म्हणाले. "आणि कुठं?"