दुसऱ्या पायाचं माप

तो आला तेव्हा अनवाणी होता, आणि बूट त्याच्या गळ्यात होते.

म्हणजे अगदी खरंच गळ्यात! काळे, पातळ तळाचे, घासूनपुसून लख्ख केलेले बूट. त्यांच्या लेसची गाठ मारून त्याने ते माळेसारखे लटकवले होते. आणि खाली पोटऱ्यांपर्यंत नुसता चिखल.

"पायात घालायचे विसरलात वाटतं," मी म्हटलं.

"हे चिखलात घालायचे नाहीत. हे वाजवायचे आहेत."

"बूट वाजवता?"

"बुटांनी वाजवतो. ड्रम." तो हसला. आणि काय सांगू – हसताना त्याची एक भुवई दुसरीच्या आधी वर गेली, जणू तिला घाई होती. "चार वाजता मोठ्या मंचावर. पण तिथवर पोहोचायचं कसं, ते तुम्ही सांगा."

तिथवर म्हणजे मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. गावाबाहेरच्या या मैदानात तीन दिवसांचा संगीत महोत्सव होता. त्याआधी चार दिवस पाऊस कोसळला होता, आणि पहिल्याच दुपारी हजारो पायांनी गवताचा पार लगदा करून टाकला होता. आमचं बुटांचं दुकान तसं बाजारात. पण यंदा बाबांनी मैदानाच्या फाटकाशी ताडपत्री ताणून गमबुटांचा स्टॉल टाकला, आणि ऐन वेळी त्यांची पाठ धरली. मग काय! विसाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, अख्खा स्टॉल माझ्या एकटीच्या ताब्यात. निघताना बाबांनी एकच बजावलं होतं, "पोरी, गिऱ्हाइकाला बसव, दोन्ही पाय मोज, मगच खोक्याला हात लाव."

सकाळपासून मी कशी सुटले होते! एक बाई पांढऱ्याशुभ्र उंच टाचांवर आल्या. त्यांना म्हटलं, "काकू, या टाचा घालून गेलात तर तुम्हाला खुंटीसारखं उपटून काढावं लागेल." कापडी बूटवाल्या मैत्रिणींच्या घोळक्याला म्हटलं, "हे पाणी पितील आणि परवापर्यंत तसेच राहतील." एक आजोबा चामड्याच्या सँडल घालून हट्टाने आत गेले आणि पाच मिनिटांत एक सँडल हातात घेऊन परत आले. दुसरी? ती मैदानाने ठेवून घेतली. शेजारच्या मकेवाल्या काकू कणसं भाजता भाजता माझं बोलणं ऐकून पोट धरून हसत होत्या.

आणि मी स्वतः काय घातलं होतं? लाल, नाजूक पट्ट्यांच्या सँडल. मी फळीवर उभी होते ना, मला कुठे चिखलात जायचं होतं!

"अनवाणीच जातो की," तो म्हणाला. "आलोय तसा."

"अजिबात नाही. त्या चिखलात तंबूच्या खुंट्या आहेत, काचा आहेत. तळपायाला कापलं तर वाजवणार कसे? शिवाय मंचावर कुणी चिखल नेला तर तिथला माणूस वायरींच्या नावाने भोंग्यावरून ओरडतो, सकाळपासून ऐकतेय मी."

"मग?"

"मग गमबूट. मंचाच्या पायरीशी ते काढायचे आणि हे गळ्यातले घालायचे. बसा. पाय धुवा."

मी बादली सरकवली. त्याने खोक्यावर बसून पाय धुतले आणि मी जमिनीवर पसरलेल्या पुठ्ठ्यावर तो उभा राहिला. मी टॉवेल दिला. त्याने पुन्हा बसून डावा पाय नीट पुसला आणि माझ्या लाकडी मापपट्टीवर ठेवला. मी खाली वाकले. आठ नंबर.

"आज फार महत्त्वाचं आहे का?" मी विचारलं. गिऱ्हाइकाशी बोलत राहावं, म्हणजे पाय सैल पडतो.

"दोन वर्षं आम्ही वाढदिवसाच्या पार्ट्यांत वाजवतोय. लोक केक कापतात, आम्ही कोपऱ्यात वाजवतो. एकदा तर मला फुगे धरायला सांगितलं होतं. आज पहिल्यांदा लोक फक्त ऐकायला येणार. पंधरा मिनिटं मिळालीत. चारला सुरू नाही केलं तर पुढची मंडळी मंचावर. मग पुन्हा केक."

हे तो हसत म्हणाला, पण त्याची बोटं खोक्याच्या झाकणावर हळूच ताल धरत होती... टक-टक, टकटक, टक. मी मान वर केली. तो माझ्याकडेच बघत होता.

किती वेळ? मला माहीत नाही. कणसाचा धूर मध्ये आला आणि गेला, एवढं आठवतं.

"दुसरा पाय..." मी म्हटलं.

"तो पण असाच आहे," तो म्हणाला. "म्हणजे... पायच आहे."

आणि मी, बुटांच्या दुकानात लहानाची मोठी झालेली मी, खिदळले आणि आठ नंबरचे गमबूट काढून दिले! उजवा पाय त्याने ओलाच खिशातून काढलेल्या मोज्यात आणि बुटात कोंबला.

"नीट बसतोय ना?"

"एकदम," तो माझ्याकडे बघत म्हणाला. बुटाकडे नाही.

मग तो गेला. गळ्यातले बूट हेलकावत, चिखलातून फचक-फचक करत. दहा पावलांवर वळून त्याने हात केला. मीही केला. काकू म्हणाल्या, "हात खाली घे आता, ताडपत्री पडेल."

साडेतीन वाजले. गर्दी जरा ओसरली. मी पुठ्ठा उचलायला वाकले आणि पाहते तर काय!

पुठ्ठ्यावर त्याच्या ओल्या पायांचे दोन ठसे अजून वाळायचे होते. शेजारी शेजारी, टाचा एका रेषेत. डावा ठसा आठ नंबरचा. आणि उजव्याचा अंगठा स्पष्टच पुढे! मोजायचीसुद्धा गरज नव्हती. नऊ.

"काकू!" मी ओरडले. "गेला हो तो!"

"गेला ना, मघाशीच. तू हात नाही का केलास?"

"तसा नाही हो! मी त्याचा एकच पाय मोजला. उजव्या पायात एक नंबर लहान बूट घालून पाठवलंय त्याला. आणि पाय ओला होता!"

"मग काय होतं?"

काय होतं! ओला पाय आणि घट्ट रबर. आत हवा शिरायला जागाच नाही. असा बूट घालून इतकं चाललं की पाय सुजतो, आणि मग दोन माणसांनी ओढला तरी तो निघत नाही. आमच्या दुकानात एका काकांचा बूट कापावा लागला होता. आणि याचा तर उजवा पाय – ड्रमचं पेडल दाबायचा पाय! गमबुटात त्याला पेडल कळणारही नाही. चिखलाच्या बुटाने त्याला मंचावर तरी कोण चढू देईल? पंधरा मिनिटं जातील. माझ्यामुळे.

"जरा स्टॉलकडे बघाल का?"

"मला बुटांतलं काय कळतं?"

"कुणी आलं तर बसवा आणि दोन्ही पाय मोजा!"

बूट चढवायची आमची लांब पितळी पट्टी मी एका हातात घेतली, नऊ नंबरची जोडी दुसऱ्या हातात, आणि फळीवरून सरळ उडी मारली. लाल सँडलसकट.

पहिली सँडल सातव्या पावलाला गेली. ओढली, तर पट्टा हातात आला. दुसरी मीच काढून फेकली. सकाळपासून ज्या ज्या लोकांना मी अक्कल शिकवली होती, ते सगळे नेमके वाटेत उभे! पांढऱ्या टाचांवाल्या काकू आता हिरव्या गमबुटांत ऐटीत उभ्या होत्या. "अगं, तुझ्या पायात काहीच नाही!" त्या म्हणाल्या. "हो ना!" म्हणत मी पळाले. जपून, फळ्यांच्या कडेने, दोनदा आपटत, एकदा कुणाच्या तरी छत्रीला धरून.

मंचामागच्या फाटकाशी एक धिप्पाड माणूस होता.

"पास?"

"नाहीये. मी त्यांची... बूटवाली आहे."

त्याने माझ्या चिखलाने माखलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, हातातल्या नव्या बुटांकडे पाहिलं, मग अनवाणी पायांकडे पाहिलं. आणि बाजूला झाला.

आत तो जमिनीवर उताणा पडला होता. गिटारवाल्याने त्याच्या काखेत हात घातले होते आणि एक ठेंगणीशी मुलगी, त्यांची गायिका, त्याचा उजवा बूट दोन्ही हातांनी ओढत होती.

"ठोक्या, पाय ढिला सोड!"

"ढिलाच आहे! तू पायच उपटतेयस!"

"उपटला तर निदान बूट तरी निघेल!" मग तिने मला पाहिलं. "ही कोण?"

"हिनेच दिलेत," तो जमिनीवरूनच म्हणाला. आणि त्याही अवस्थेत त्याची भुवई वर गेली.

"किती वेळ आहे?" मी विचारलं.

"आठ मिनिटं."

"सोडा सगळे. ओढायचं नाही, ओढलं की आणखी घट्ट बसतो." मी गुडघ्यांवर बसले. माझा आवाज चक्क बाबांसारखा आला! पितळी पट्टी मी त्याच्या टाचेमागून हळूहळू आत सरकवली. "दुखलं तर सांगा."

"दुखतंय."

"आता नका सांगू."

पट्टी टाचेपर्यंत गेली. मी ती किंचित तिरपी केली... फुस्स! आत हवा शिरली. बूट सैल झाला आणि मोज्यासकट माझ्या मांडीवर आला.

पाय लाल झाला होता. बोटांवर वळ उठले होते. तो पाहिला आणि मघापासून घट्ट धरलेलं माझं सगळं अवसान गळालं.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "मी दुसरा पाय मोजलाच नाही. असं मी कधीच करत नाही. शप्पथ."

"मला माहीत होतं," तो हळूच म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"माझे पाय वेगळे आहेत ते. आठ आणि नऊ. प्रत्येक दुकानात आधी तेच सांगतो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

'तुम्ही' कधी गळून पडलं कोण जाणे. बहुधा त्या चिखलातच.

"सांगणार होतो. तेवढ्यात तू वर पाहिलंस." तो कानापर्यंत लाल झाला, पायापेक्षा लाल. "वाटलं, पहिल्याच भेटीत हिला कशाला सांगायचं की माझा एक पाय दुसऱ्याशी जुळत नाही."

"अरे वेड्या! निम्म्या लोकांचे नाही जुळत!"

"खरंच?"

"तुम्ही दोघं," गायिका म्हणाली, "हे नंतर बोलाल का? चार मिनिटं!"

गळ्यातला बूट त्याच्या सुजलेल्या पायात जाईना. तो माझ्याकडे बघायला लागला. या वेळी अगदी गिऱ्हाईक बघतं तसा, आता काय करू म्हणून. मी तो पाय हातात घेतला, माझ्या ओढणीच्या एकुलत्या एक कोरड्या टोकाने पुसला आणि अंगठा दाबून पाहिला.

"कळतंय?"

"कळतंय."

"मग अनवाणी वाजव. डाव्यात बूट, उजवा उघडा. मंच कोरडा आहे."

"एक बूट घालून? लोक हसतील."

"लोकांचे स्वतःचे बूट चिखलात हरवलेत. त्यांना तुझ्या बुटांचं काय पडलंय?"

तो उठला. लंगडत पायऱ्या चढला.

मी पडद्याच्या कडेला उभी राहिले. त्याने उजवा पाय पेडलवर ठेवला, उचलला, परत ठेवला. पहिला ठोका जरा दबकतच आला. दुसराही. माझा जीव टांगणीला... आणि मग तिसरा आला, गोल, जाड, थेट छातीत! गायिकेने मान मागे टाकली आणि आवाज लावला, आणि समोर तो अख्खा चिखल उड्या मारायला लागला. हिरवे, निळे, पिवळे, माझे सकाळचे सगळे गमबूट! कुणी केक कापत नव्हतं. कुणी हलतही नव्हतं, नाचण्याखेरीज.

पंधरा मिनिटांत त्याने एकदाही पायाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे चारदा. मी मोजलं.

नंतर तो घामाने निथळत पायऱ्या उतरला. मी डावा आठ आणि उजवा नऊ असे गमबूट तयार ठेवले होते. त्याने पाय घातले. दोन्ही अगदी अलगद गेले.

"आणि हे उरलेले?" त्याने विचारलं. डावा नऊ, उजवा आठ, अशी विजोड जोडी माझ्यासमोर उभी होती. "हे कोण घेणार?"

"कोण घेणार! मीच." माझा पाय पाच नंबरचा. मी दोन्ही पाय त्यांत सोडले आणि पहिल्याच पावलाला डगमगले. त्याने झटकन कोपर पुढे केलं. मी धरलं. सोडलं मात्र नाही, सपाट फळ्या आल्या तरी.

"आमची गाडी सहाला निघते," फाटक दिसायला लागलं तेव्हा तो म्हणाला. "उद्या दुसऱ्या गावात वाजवायचंय. पार्टीतच."

"हं."

"हं काय?"

सकाळची मी असते तर काहीतरी चुरचुरीत बोलून मोकळी झाले असते. पण माझ्या पायांत आठ होते, नऊ होते, गुडघ्यापर्यंत चिखल होता, केसांतही होता, आणि आता लपवायला काही उरलंच नव्हतं.

"मला तू आवडलास," मी म्हटलं. "मघाशी, गळ्यात बूट घालून आलास तेव्हाच. म्हणून चुकले."

तो थांबला. दूर काकूंनी आम्हाला पाहिलं आणि मक्याचं कणीस उंच धरून हलवलं.

"तुमचं बाजारातलं दुकान," तो म्हणाला, "कुठल्या वारी बंद असतं?"

"रविवारी. का?"

"मग रविवारी येतो."