शून्य बळींचा घाट

सकाळी नऊ वाजता वैनगंगेतून सेकंदाला एकवीसशे घनमीटर पाणी वाहत होते आणि घाटांवरचा धोक्याचा भोंगा वाजला नव्हता. नियंत्रण कक्षातल्या पटलावरचा तो आकडा डॉ. कुंदा बावणेने तीनदा पाहिला. मग तिने जुन्या नोंदी उघडल्या. २०४५ साली यंत्रणा सुरू झाली, तेव्हा अठराशेला भोंगा वाजायचा. गेल्या वर्षी दोन हजारांला. यंदा, २०५१ साली, अर्धा जुलै सरला, तरी चोवीसशेच्या खाली तो एकदाही वाजला नव्हता.

नदी तीच होती, डोंगेही तेच होते. अठराशेच्या वर मधल्या धारेत डोंगा आडवा फिरतो, हे कुंदाने बावीस वर्षांच्या नोकरीत डोळ्यांनी पाहिले होते.

ती उठून शेजारच्या खोलीत गेली. तिथे मुकुल देवपुजारी बसायचे. सत्तावीस घाटांवर पाण्यात बसवलेले जलवेधक आणि त्यांचे आकडे वाचून भोंगा वाजवणारी ‘जोखीमवेध’ ही स्वयंशिक्षित यंत्रणा, दोन्ही त्यांच्या हाताखाली तयार झाली होती.

“सर, जोखीमवेध बिघडलाय.”

देवपुजारींनी तिचा कागद वाचला आणि मान हलवली. “बिघडलेला नाही. शिकवलं तेच करतोय. तो पाणी मोजतो, पण शिकतो माणसांवरून. रोज स्वतःला विचारतो, किती पाण्यात माणसं बुडतात? आणि महिन्याच्या शेवटी दुसरा प्रश्न विचारतो, भोंगा वाजवल्याने किती वाचतात? पूर्वी एकच लाल खूण होती. वर्षातले चाळीस दिवस घाट बंद. बाळंतीण अडकायची, परीक्षा बुडायच्या. शेवटी लोक भोंगा वाजत असतानाच डोंगे काढायला लागले. म्हणून हा आणला. गरज असेल तेव्हाच ओरडतो, त्यामुळे लोक ऐकतात.”

“ऐकतात, म्हणून कुणी बुडत नाही. आणि कुणी बुडत नाही, म्हणून त्याला वाटतं की पाणी धोक्याचं नाही.”

“आधीच्या बळींच्या नोंदी त्याच्यात होत्या,” देवपुजारी सावकाश म्हणाले. “पण नदीचं पात्र बदलत राहतं, म्हणून सहा वर्षांहून जुनी नोंद तो विसरतो. शेवटचा माणूस बुडाला सप्टेंबर चव्वेचाळीसमध्ये.”

कुंदाने मनात हिशेब केला. गेल्या सप्टेंबरात तो शेवटचा माणूसही यंत्रणेच्या स्मृतीतून गेला होता. जोखीमवेधच्या लेखी आता वैनगंगेत कधीच कुणी बुडाले नव्हते.

“मग खूण हाताने खाली आणा.”

“हात लावता येत नाही. कायदाच तसा आहे. पूर्वी कुणाची वरात अडली, की वरून फोन यायचा आणि भोंगा बंद व्हायचा. म्हणून माणसाला त्यात एकच गोष्ट भरता येते. मृत्यूची नोंद. तीही फक्त जलविज्ञाला. म्हणजे तुम्हाला.”

कुंदाने वर पत्र पाठवले. आठ दिवसांनी उत्तर आले. सलग सहा पावसाळे शून्य बळी असलेल्या यंत्रणेत बदल करण्याचे प्रयोजन दिसत नाही.

मग ती स्वतः गाडी काढून पिंपळढोड्याच्या घाटावर गेली. दुर्योधन मारबते डोंग्याच्या फळीला डांबर लावत होता. साठीचा, काटक माणूस. त्याच्या घरातले पुरुष चार पिढ्या याच घाटावर डोंगा हाकत आले होते.

“दुर्योधनभाऊ, पाणी अठराशेच्या वर गेलं की काढू नका डोंगा. भोंगा नाही वाजला तरी.”

“मले आकडे नाही समजत जी. पन पानी समजते. फेस मधात जमा झाला का मी समजतो, आता धार फिरली.” त्याने हात पुसले. “पन मी नाही म्हनलं, तं लोकं म्हनतात, बुढ्याले भेव वाटून रायलं. भोंगा वाजला नाही, मंग काहून थांबाचं? मागच्या हप्त्यात मी थांबलो, तं पोरायनं मलेच बाजूले बसवून डोंगा नेला.”

“काही झालं?”

“नाही झालं जी. थेच तं वाईट झालं.”

परतीच्या वाटेवर कुंदाने गाडी एका पळसाखाली उभी केली. एखादे प्रेत नदीतून वर आल्याशिवाय कुणी काही करणार नव्हते. आणि प्रेत ज्याचे असेल, तो माणूस आज कुठेतरी जेवत होता, हसत होता.

दुसऱ्या दिवशी कक्षात कुणी नसताना तिने मृत्यूचे नोंदपत्र उघडले. तीन नावे रचली. तीन वेगवेगळे घाट निवडले. तारखा निवडताना मात्र ती थांबली. भोंगा न वाजता माणूस मेला असे लिहिले, की आपोआप चौकशी समिती बसते. भोंगा वाजूनही मेला असे लिहिले, तर कारणाच्या रकान्यात ‘सूचनेचे उल्लंघन’ येते आणि कुणी काही विचारत नाही. याच जुलैत तीन दिवस पाणी चोवीसशेच्या वर गेले होते आणि भोंगा वाजला होता. तिने तेच तीन दिवस घेतले.

नोंद स्वीकारली गेली. 

तीन दिवसांनी पाणी सतराशे ऐंशीवर असतानाच सत्तावीस घाटांवर भोंगा घुमला. कुंदा पटलापुढे उभी होती. पिंपळढोड्याच्या दृश्यात डोंगे काठाला ओढले जात होते. ती खुर्चीत बसली आणि तिला रडू आले. आयुष्यात तिने एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. हे तीन मात्र तिला त्या क्षणी सगळ्यांत खरे वाटले.

ऑगस्टचे पहिले पाच दिवस कोरडे गेले. सहा तारखेला वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस कोसळला. सकाळी दहाला सतराशे. साडेदहाला एकोणीसशे. कुंदा भोंग्याची वाट पाहत होती. अकराला बावीसशे. भोंगा गप्पच.

“सर!”

देवपुजारी धावत आले. त्यांनी यंत्रणेचा महिनाअखेरचा निष्कर्ष उघडला, वाचला, आणि पुन्हा वरून वाचायला लागले.

“मॅडम, जुलैत तीन माणसं मेल्याची नोंद कुठून आली?”

कुंदा त्यांच्या मागे येऊन निष्कर्ष वाचू लागली.

“तिघंही भोंगा वाजलेल्या दिवशी गेली,” देवपुजारी पटलाकडे बघतच म्हणाले. “भोंगा न वाजलेल्या दिवशी एकही नाही. सहा वर्षांत एकही नाही. त्याने दुसरा प्रश्न विचारला, मॅडम. भोंग्याने किती वाचतात? उत्तर आलं, भोंगा वाजला की माणसं मरतात, गप्प राहिलं की जगतात. आता पाणी जितकं धोक्याचं, तितका तो घट्ट गप्प बसणार.”

कुंदाने फोन उचलला. दुर्योधनचा नंबर लागेपर्यंत आकडा चोवीसशेवर गेला.

“दुर्योधनभाऊ, डोंगा काढू नका!”

पलीकडून आधी नदीचाच आवाज आला. “मॅडम, मी ना म्हनलो होतो जी. आयकलं नाही कोनी. अर्ध्या नदीत आहो.” मग फोन तोंडापासून दूर गेला. “बसा! खाली बसा रे! पंचफुला, बस म्हनतो!”

त्यानंतर फक्त पाणी ऐकू येत राहिले. मग तेही थांबले.

डोंग्यात चौदा जण होते. पाच काठाला लागले. नऊ जणांना शोधायला दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुर्योधन केंद्रावर आला. त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. मेलेल्यांची नावे ओळखून सांगायला पोलिसांनी त्याला पाठवले होते. देवपुजारी दाराशी उभे होते. आदल्या संध्याकाळीच ते कुंदाला हलक्या आवाजात म्हणाले होते, “त्या तीन नोंदी मी चूक म्हणून काढू शकतो. कुणाला कळणार नाही.” कुंदाने नकार दिला होता. सकाळी तिने स्वतःच्या हाताने जबाब लिहून त्यांच्याकडे दिला होता, आणि तीन नावांपुढे ‘खोटी नोंद’ असे लिहून सही केली होती. खाली पोलिसांची गाडी उभी होती.

तिने दुर्योधनला खुर्ची दिली आणि त्याच्यासमोर उभे राहूनच सगळे सांगितले. काय केले, का केले, आणि भोंगा का वाजला नाही.  

“म्हंजे तुमचे तीन मानसं खोटे होते,” दुर्योधन म्हणाला, “म्हनून त्याले उलटं समजलं.”

“हो.”

“आन हे नऊ खरे हायेत. भोंगा नसताना मेले. हे लिवलं का वाजन तो?”

कुंदाने देवपुजारींकडे पाहिले. त्यांनी मान खाली घातली. “वाजेल. भोंगा नसताना बळी गेला, की तो महिनाअखेरची वाट न पाहता लगेच पुन्हा मोजतो. आता अगदी बरोबर वाजेल. याहून चांगला पुरावा त्याला मिळणार नाही.”

“मंग लिवा,” दुर्योधन म्हणाला.

तो एकेक नाव सांगत गेला. प्रत्येकाचे गाव, कुणाची कोण, कशासाठी निघाली होती. दोघे दवाखान्यात चालले होते. एक मुलगी शिवणाच्या वर्गाला. कुंदा लिहीत होती. आठवे नाव झाल्यावर तो थांबला. देवपुजारींनी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्याने घेतला नाही.

“पंचफुला मारबते. वय सव्वीस. माही सून हाय जी. माहेरी चालली होती.”

कुंदाने ते नाव लिहिले आणि नोंद पक्की केली. बाहेर ऊन पडले होते. नदीत अठराशे दहा घनमीटर पाणी होते. पटलावरचे आकडे क्षणभर थांबले, यंत्रणेने सगळे पुन्हा मोजले, आणि सत्तावीस घाटांवर एकाच वेळी भोंगा सुरू झाला. केंद्राच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या. दुर्योधन उठून खिडकीशी गेला. खाली काठावरची माणसे डोंगे वर ओढत होती.

“किती दिवस वाजन असा बरोबर?” त्याने वळून न पाहता विचारले.

कुंदाने पटलाकडे पाहिले. नऊ नावांपुढचा शेवटचा रकाना यंत्रणा आपला आपण भरत होती. नोंद बाद होण्याची तारीख : ६ ऑगस्ट २०५७. एकाखाली एक, नऊ वेळा.