गिळलेला प्रश्न

"अगं, फुंकर मार आधी!"

पण उशीर झाला होता. माशाची पेज जिभेला चटकन भाजली आणि पेई वेनच्या डोळ्यांत पाणीच आलं. न्याहारीच्या टपरीवर समोर बसलेल्या मुलानं आपला कोहळ्याचा गार चहा पुढे सरकवला.

"मलेशियात पेज थंड करून वाढतात वाटतं?"

"तू कसं ओळखलंस?"

"बोलण्यावरून. गाणं म्हटल्यासारखं बोलतेस."

पेई वेन लाजली... आणि चहा संपवूनच टाकला. मंदारिन वादविवादाच्या स्पर्धेसाठी ती इपोहहून तैवानमधल्या ताइनानला आली होती. बाकीचा संघ अजून घोरत होता. बाहेर रिमझिम, गुलमोहराचा सडा, आणि समोर हा छंग-आन — बोलका, डोळ्यांनी हसणारा.

"तैपेईच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता मला," तो मध्येच म्हणाला. "आजोबांसाठी राहिलो, असं सगळ्यांना सांगतो. खरं तर... घाबरलो. तू आज संध्याकाळी उडून जाणार, म्हणून तुला सांगतोय."

दुपारी अंतिम फेरीसाठी ती व्यासपीठावर चढली, तर प्रतिस्पर्ध्याच्या खुर्चीत छंग-आन! विषय होता — तरुणांनी आपलं गाव सोडावं. ती बाजूनं, तो विरोधात.

"मी ताइनान सोडलं नाही," तो म्हणाला, "कारण आजोबांवर माझा जीव आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला.

आता प्रश्न विचारायची पाळी तिची. 'की घाबरलास?' एवढा एकच प्रश्न, की चषक इपोहला! छंग-आनचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, प्रश्न गिळला... आणि गावातल्या नोकऱ्यांबद्दल काहीतरी मिळमिळीत विचारलं.

एका मतानं हरली.

"तोंडात गुळणी धरली होतीस का?" प्रशिक्षक चान सर कडाडले. पेई वेन मान खाली घालून बसपाशी गेली. तेवढ्यात छंग-आन भिजत, धापा टाकत आला.

"मला दयेचा चषक नको!"

"दया कसली? विश्वासानं सांगितलं होतंस ना? ते भर सभेत टांगायला नव्हतं."

त्यानं कपाळावरचे ओले केस मागे सारले.

"घाल ना वाद! मघाशी तर थांबत नव्हतास."

"सुचत नाहीये... पेई वेन, मला तू आवडतेस. या वेळी आजोबांना पुढे करत नाहीये. मीच सांगतोय."

पावसाचे थेंब त्याच्या पापण्यांवर थरथरत होते. तिनं हळूच आपल्या बाहीनं ते टिपले.

"विरोधात बोलायला... माझ्याकडे एकही मुद्दा नाही."

"मुली, विमान काय तुझ्या मामाचं आहे?" आतून सर ओरडले. सगळी बस खिदळली. पेई वेन लालेलाल होऊन चढली आणि खिडकीतून अर्धी बाहेर डोकावली.

"सप्टेंबरात इपोहला येशील?"

"येईन!"

"एकटा?"

बस हलली. छंग-आन तिच्यासोबत पळू लागला — चिखल उडवत, हसत.

"घाबरत घाबरत... पण येईन!"