लगदोबाच्या पाठीची चेन

थापा दोन होत्या की तीन?

एवढंच धाकट्याला विचारायचं होतं. वहिनीला विचारलं तर ती हातातली कपबशी विसळायला म्हणून उठून गेली, ती बराच वेळ नळ सोडून उभीच राहिली. सोफेवाले काका म्हणाले, "घसरला रे तो. त्यात मोजायचं काय?" आईनं ताट पुढे सरकवलं. धाकटा मग गॅरेजमध्ये जाऊन गाडीखाली आडवा झाला आणि एक नट इतका आवळला की आटेच गेले.

मुळापासून सांगायचं तर दादा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हात सोन्याचा, पण डोक्यात एकच खूळ. सिनेमा काढायचा, तोही राक्षसाचा, तोही स्वतःच्या हिमतीवर. गावातला कागदाचा कारखाना बंद पडून वर्षं झालीत. लोकांनी फाडून टाकलेल्या चिठ्ठ्या, अर्ज, निकालपत्रं तिथल्या हौदात कुजतात आणि एक दिवस त्या लगद्यातून कुणीतरी उठून उभं राहतं, अशी गोष्ट. त्याचं नाव लगदोबा. नाव ऐकून वहिनी इतकी हसली होती की दादा दोन दिवस रुसला होता.

माणसं मोजून चार. वहिनीचा फोटो स्टुडिओ होता. दिवसभर लोकांना "हनुवटी खाली, हलू नका" म्हणत पासपोर्टचे फोटो काढायचे आणि रविवारी दादाचा कॅमेरा धरायचा. सोफेवाल्या काकांनी गाद्यांचा फोम कापून, पंक्चरच्या सोल्यूशननं चिकटवून, वर भिजलेल्या कागदाचे थर देऊन लगदोबाचा सूट शिवला. आणि सूटच्या आत धाकटा.

"मीच का?" त्यानं विचारलं होतं.

"तुझ्याएवढा दांडगा माणूस मला फुकट कुठं मिळणार?" दादा म्हणाला. "शिवाय चेहरा झाकलेलाच बरा."

सूटच्या आतून काहीही दिसायचं नाही. लगदोबाचे डोळे म्हणजे स्कूटरच्या इंडिकेटरच्या काचा, त्या कपाळाच्या वर. आत नुसता अंधार, रबराचा वास आणि स्वतःच्याच श्वासाची भपभप. उकाड्यानं जीव जायचा म्हणून धाकटा उघड्या अंगानंच आत शिरायचा. मानेपासून कमरेपर्यंत पाठीला चेन, तीही फक्त बाहेरून लागायची, बाहेरूनच उघडायची. हात फोमच्या पंजात अडकलेले. जीव अगदीच घाबरा झाला तर आतल्यानं छातीवर सारख्या थापा मारायच्या, म्हणजे अर्थ, उघड. मग दादा चेन खाली ओढायचा आणि दर वेळी तेच म्हणायचा, "निघालं का रे पिल्लू अंड्यातून?" मधल्या वेळात लगदोबाच्या तोंडातून पाण्याच्या बाटलीची नळी आत सारायचा. नळीचं टोक धाकट्याच्या ओठांशी अचूक यायचं. हे कसं जमायचं, देव जाणे.

चालवायचाही दादाच. लगदोबाच्या अवाढव्य पाठीमागे, कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून वाकून बसायचा आणि पाठीवर थापा द्यायचा. एक थाप, पुढे. दोन, मागे. तीन, थांब.

पहिल्याच दिवशी काका म्हणाले होते, "अरे, तीन मारायच्या तर आधी दोन पडतातच की. हा मागं यायला लागला तर?"

"म्हणून तर तिसरीची वाट बघायची," दादा म्हणाला. "दोन पडल्या की मनात एक श्वास घ्यायचा. मग पाय हलवायचा. जमेल?"

"न जमायला काय झालं!"

पण वाट बघणं धाकट्याला जन्मात जमलेलं नव्हतं. आठवीत असताना मधल्या सुट्टीत शाळेबाहेर पडला तो परत वर्गात गेलाच नाही. दाराची बेल वाजवली की दुसऱ्या क्षणी दारच वाजवायला लागायचा. गरम चहानं त्याची जीभ कायम पोळलेली.

त्या रविवारी दुपारी लगदोबा बंद कारखान्यातल्या हौदाच्या काठावर कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा होता. त्याच्या मागे दादा, दादाच्या मागे कोरडा हौद, दीड पुरुष खोल. पाठीवर थाप पडली. दुसरी पडली. धाकटा मागे सरला. एक पाऊल, दोन पावलं. पाठीला काहीतरी टेकलं आणि मग टेकेनासं झालं.

आवाज फार मोठा नव्हता. फोममधून तर तो उशी पडल्यासारखाच ऐकू आला. नंतर वहिनीचं ओरडणं. धाकटा आंधळा उभा, पंजांनी छाती बडवत, उघडा, उघडा... आणि चेन उघडायला बराच वेळ कुणीच आलं नाही.

त्या शॉटमध्ये काही दिसत नाही. लगदोबाची छाती दिसते, आणि आवाज तर ते मागाहून भरायचे. थापा दोन होत्या की तीन व्हायच्या होत्या, हे फक्त एकालाच ठाऊक होतं.

दादाला जाऊन तीन महिने झाल्यावर वहिनी गॅरेजच्या दाराशी आली. बसली नाही.

"भाऊजी, एक शॉट राहिलाय."

"मग?"

"शेवटचा. लगदोबा परत हौदाकडे जातो. तेवढा झाला की सिनेमा पुरा होतो."

धाकट्यानं हातातला पाना खाली टाकला, उचलला, परत टाकला. "मागं कोण बसणार?"

"पाठमोरा शॉट आहे. मागे कुणालाच बसता येणार नाही."

काकांनी तोड काढली. जमिनीवर दोर पसरायचा, हौदापासून दोन हात अलीकडे त्याला मोठी गाठ मारायची. तळव्याखाली दोर चाचपत जायचं, गाठ लागली की थांबायचं. "पोरखेळ आहे," काका म्हणाले. पण धाकट्याच्या पायाला फोमचा पाय बांधताना त्यांनी प्रत्येक बंद दोनदा आवळला.

दुपारचे चार वाजले होते. छपराच्या फुटक्या काचांतून उन्हाचे पट्टे उतरले होते, त्यात कागदाची धूळ तरंगत होती. वहिनी कॅमेऱ्यामागे गेली. काका तिच्याशेजारी, दोन्ही हातांत थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून, उजेड फेकायला. काकांनी आधी चेन लावली होती. दादा असता तर काहीतरी पुटपुटला असता.

"चला," वहिनी लांबून म्हणाली.

धाकटा निघाला. दोर पायाखाली होता. पाच पावलं झाली, सहा झाली. एकदम धावत सुटावंसं वाटत होतं. सातव्याला दोर हरवला. त्यानं पाय डावीकडे चाचपला, उजवीकडे चाचपला, नुसती सपाट फरशी. फोमच्या पायानं फरफटत दोर कुठंतरी सरकला होता. ओरडलं तर शॉट गेला. आणि पुन्हा इथं, पुन्हा या सूटमध्ये यायचं बळ त्याच्यात नव्हतं.

तेव्हा पाठीवर थाप पडली.

एक.

काका आले असावेत, त्याला वाटलं. शॉट वाया गेला, पण आलेत ते बरं झालं. त्यानं पाऊल टाकलं. पुन्हा एक. पुन्हा पाऊल. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की काहीतरी चुकतंय. चार बोटं जाड फोमवर पडलेली थाप कशी लागते, हे त्याच्या पाठीला पाठ होतं. बोथट, लांबून आल्यासारखी. ही तशी नव्हती.

ही उघड्या पाठीवर पडली होती. फोमच्या आत.

हात ओला होता.

त्याच्या नाकातोंडात रबराचा वास कोंदला, आणि त्याखाली आणखी एक, ऑइलपेंटचा. पुन्हा एक. पाय आपोआप उचलला गेला. मग थाप पडली आणि लगेच दुसरी.

दोन.

त्याचं सगळं अंग मागे खेचलं गेलं. टाच उचललीसुद्धा. पळ, इथून मागे पळ... पण त्यानं टाच हवेत तशीच धरली. दातांवर दात धरून एक श्वास घेतला. श्वास संपला. तिसरी आली नाही. त्यानं दुसरा श्वास घेतला. त्याच्या मानेवर मागून कुणाचातरी तिसरा श्वास पडला.

थाप पडली. हळू, अगदी हळू.

तो थांबला.

"कट..." वहिनीचा आवाज फार लांबून आला. आणि तिच्याही पलीकडून काकांचा, "हलू नकोस! धाकट्या, हलू नकोस रे, आहेस तिथंच थांब!"

काका येईपर्यंत त्यानं त्यांची पावलं मोजली. अठरा होती. चेन खाली आली, उजेड आत शिरला, आणि डोकं बाहेर काढून त्यानं खाली पाहिलं. लगदोबाच्या पायाची अर्धी बोटं हौदावर अधांतरी होती.

काकांनी टॉवेलनं त्याची पाठ पुसली. एका जागी जरा जास्तच वेळ पुसली.

"काय आहे?"

"काही नाही. रंग लागलाय."

सूटला आतून रंग कुठंच नव्हता. काकांनी तो स्वतः शिवला होता.

वहिनीनं संध्याकाळी त्याला शॉट दाखवला. पडदाभर लगदोबाची पाठ, चेन नीट लागलेली, मागे चिटपाखरू नाही. लगदोबा जातो, काठाशी एक टाच उचलतो, तशीच धरतो, आणि मग सावकाश टेकवतो. इतकं एकटं त्यानं कधी कुणाला पाहिलं नव्हतं.

"फार छान थांबलात," वहिनी म्हणाली. मग पडद्यावरून नजर न हलवता, अगदी दबक्या आवाजात, "कोणी सांगितलं थांबायला?"

त्याचा हात आपसूक स्वतःच्या पाठीकडे गेला. तिला कळलं असावं.

"किती?" तिनं विचारलं.

"तीन."

वहिनीनं डोळे मिटून घेतले. तेवढ्यात धाकट्याच्या तोंडून निघून गेलं, "आणि त्या दिवशी, वहिनी? त्या दिवशी किती?"

तिनं मशीन बंद केलं.

सिनेमा जोडून झाला. सूट स्टुडिओच्या मागच्या खोलीत, निळ्या पडद्याआड, भिंतीकडे तोंड करून हुकाला टांगलेला राहिला. महिन्याभरानं वहिनीचा निरोप आला. "भाऊजी, तो घेऊन जा. तो मागे असताना मला गिऱ्हाइकाला 'हलू नका' म्हणवत नाही."

धाकटा भर दुपारी गेला. बाहेर वहिनी एका म्हाताऱ्या बाईंचा फोटो काढत होती. तो पडदा सारून मागे आला आणि दाराशीच थबकला.

सूटमधून आवाज येत होता. बोथट, सारखा, न थांबणारा. आतून छातीवर मारलेल्या थापांचा.

उघड.

दुसरा कुणी असता तर पळाला असता. धाकटा धावला तो सूटकडेच. चेनीचं टोक धरलं आणि एका हिसक्यात कमरेपर्यंत खाली ओढलं. थापा थांबल्या. आतून उबारा आला, ओल्या फोमचा, महिनाभर कुणी न घातलेल्या सूटमधून. आत अंधार होता. खरं तर हातभर अंतरावर फोमचं अस्तर दिसायला हवं होतं.

"निघालं का रे..." त्याला पुढचं बोलवेना. मग त्यानं विचारलंच. "दादा, दोन होत्या की तीन?"

पडद्यापलीकडे वहिनी म्हणत होती, "आजी, हनुवटी जरा खाली..."

त्यानं उजवा हात चेनीतून आत घातला. मनगट गेलं, कोपर गेलं. तळवा उघडा धरून थांबला.

तळव्यावर एक थाप पडली.

दुसरी पडली.

"हं, आता हलू नका," वहिनी पलीकडून म्हणाली. "अजिबात हलू नका."

तो हलला नाही. एक श्वास घेतला. दहा घेतले. पुढे मोजायचे सोडून दिले. फोटो निघाला, म्हाताऱ्या बाई गेल्या, दुसरं कुणी आलं आणि तेही गेलं. खांदा भरून आला, हात बधिर झाला, तरी सबंध आयुष्यात कधी बघितली नव्हती तेवढी वाट त्यानं त्या खोलीत बघितली. तिसरी आली नाही. दोनच होत्या, की तिसरी अजून यायची होती, हे त्याला आताही कळेना.

शेवटी त्यानं हात बाहेर काढला. लगदोबाच्या पाठीवर, चेनीच्या कडेला, तिसरी थाप त्यानं स्वतःच दिली. हळू, अगदी हळू.

"थांब आता," तो म्हणाला. "बास झालं, दादा."

सूट उचलायचा त्याला धीर होईना. तो तसाच वळला. चेन मुद्दाम उघडी ठेवली होती. पडद्यापाशी पोचला तेव्हा मागे ती वाजली. सावकाश, एकेक दात करत, खालून वर, थेट मानेपर्यंत.

धाकटा उभा राहिला. मग खिडकीतली पाण्याची बाटली घेतली, ड्रॉवरमधून नळी शोधून काढली, झाकणातून आत सारली. सूट भिंतीकडे तोंड करून होता. त्यानं भिंत आणि लगदोबा यांच्यामधे हात घातला, आणि डोळे मिटून, चाचपत, नळीचं टोक त्याच्या तोंडाशी नेऊन धरलं.