पंधरावा कोड

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट होतं. ऑफिसच्या चौथ्या मजल्यावर, गालिच्यावर चिखलाची पावलं उमटवत, काखेत भिजलेल्या कागदांचा गठ्ठा धरून आलेला हा माणूस डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढायचंच विसरला होता. ते बघून तिला हसू आलं. तिथंच तिचं चुकलं. भांडायला आलेल्या माणसाला आधी बसायला सांगावं, हसू नये.

"शेड्यूल तुम्ही बघता?" त्यानं दरडावून विचारलं.

"मीच बघते. बसा. आणि ते... डोक्यावरचं काढलंत तरी चालेल. इथलं छत पक्कं आहे."

त्यानं हेल्मेट काढलं. केस चपटे झाले होते, कान लाल. बाहेर पावसाची झड लागली होती आणि खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. तो खुर्चीच्या टोकाशी बसला आणि एखाद्याचं दुखणं सांगावं तसं म्हणाला, "माझ्या इस्पितळाचे सगळे कोड गळालेत."

तो एका आठ मजली इस्पितळाच्या बांधकामावरचा मुख्य इंजिनिअर होता. ती कंपनीत प्लॅनर होती. कुठलं काम कधी सुरू व्हायचं आणि कधी संपायचं याचं वेळापत्रक कॉम्प्युटरवर सांभाळणारी. इस्पितळाची कामं होती तेवीसशे. प्रत्येक कामाला कोड लावलेले असतात: मजला कुठला, कंत्राटदार कोण, नळाचं की विजेचं. कोड असले की हवी ती कामं वेगळी काढता येतात. कोड गेले की उरतो नुसता ढिगारा.

आठवड्यापूर्वी इस्पितळाचं प्रोजेक्ट दुसऱ्या विभागातून तिच्या विभागात हलवलं होतं. कुणीतरी घाईत.

"कोड तीन प्रकारचे असतात," तिनं समजावलं. "काही सगळ्या कंपनीचे, काही विभागाचे, काही त्या एका प्रोजेक्टचे स्वतःचे. तुमचे होते विभागाचे. प्रोजेक्ट आमच्याकडे आलं, ते तिकडेच राहिले. हलवायच्या आधी ते प्रोजेक्टच्या नावावर करून घ्यायचे असतात. कुणी घेतले नाहीत."

"म्हणजे मुलगी सासरी आली आणि सामान माहेरीच राहिलं."

"सामान बांधताना यादीच केली नाही म्हणा."

तो पहिल्यांदा हसला. तिनं पटकन कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं.

जुन्या विभागानं बॅकअप ठेवला नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? उरले होते ते त्याच्या काखेतले भिजके कागद. मग अकरा दिवस रोज दुपारी तो वाचायचा आणि ती कोड लावायची. "तिसरा मजला, प्लंबिंग, पूर्व बाजू." "तिसरा मजला, प्लंबिंग, पश्चिम बाजू." पाचव्या दिवशी त्याच सुरात, कागदावरून नजर न हलवता तो म्हणाला, "चौथा मजला, रंगकाम, तुमच्या एका कानात डूल नाही."

तिची बोटं "रंगकाम, तुमच्या ए—" इथपर्यंत टाइप करून थांबली. डूल टेबलाखाली सापडला. दोघंही एकदमच वाकले होते, हे वेगळं सांगायला नको.

अकरा दिवसांनी तेवीसशे कामं पुन्हा ओळीत उभी राहिली. तो मात्र यायचा थांबला नाही. दर बुधवारी साइटवर किती काम झालं ते भरायला यायचा. फोनवर सांगता आलं असतं. आधी तसंच चालायचं. काम भरून झालं की गच्चीवरच्या कँटीनमध्ये कॉफी. पत्र्यावर पाऊस वाजायचा, मशीनची कॉफी पाणचट असायची, आणि ती घोट घोट पुरवून प्यायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं. तो तिला कोडवाली म्हणायचा, ती त्याला हेल्मेट.

"तुझ्याकडे सगळ्याला कोड आहे, कोडवाली," तो एकदा म्हणाला. "आजच्या दिवसाला नाही."

"आज काय विशेष आहे?"

"काही नाही... तू आहेस, एवढंच."

इस्पितळाचे एकूण चौदा कोड होते; दुसऱ्या दिवशी तिनं पंधरावा तयार केला. त्याला नाव दिलं 'इतर'. ऑफिसात 'इतर' म्हणजे काय असं कुणी कधी विचारत नाही. दर बुधवारी जे काम शेवटी भरलं जाईल त्याला ती त्या दिवसाचा एक शब्द लावायची आणि तो तिच्या खांद्यावरून वाकून बघायचा. एका छत्रीतून बसस्टॉपपर्यंत गेले आणि त्याचा अर्धा शर्ट भिजला, त्या दिवशी लिफ्टच्या खड्ड्याला लागलं 'छत्री'. सातव्या मजल्याच्या एका भिंतीला 'रुसवा'. एका गच्चीला 'अर्धी कॉफी'.

आणि सहाव्या मजल्याच्या शेवटच्या स्लॅबला 'हो'. त्या दिवशी जिन्यात थांबून तो म्हणाला होता, "सहावा मजला उरकला की तुझ्या बाबांना येऊन भेटतो. चालेल?" ती हो म्हणाली होती. नंतर ती टाइप करत होती, आणि तो मागे उभा राहून चक्क गुणगुणत होता.

सहावा मजला उरकला. सातवाही उरकला. "अजून किती मजले आहेत गं त्या इस्पितळाला?" घरी वहिनीनं भांडी पुसता पुसता विचारलं.

"एकच राहिलाय."

"मग हरकत नाही," वहिनी म्हणाली. "मी म्हटलं, वर आभाळापर्यंत नेतोय की काय."

आठवा मजला अर्धा झाला आणि कंपनीनं इस्पितळांसाठी वेगळा विभाग काढला. तोही दुसऱ्या शहरात. या इस्पितळाचं प्रोजेक्ट तिकडे जाणार होतं, आणि विभागाचा प्रमुख म्हणून तोही. त्यानं हे कॉफी घेताना सांगितलं. आनंद लपवायचा प्रयत्न करत होता, पण तो काही कसलेला नट नव्हता.

"मीही येऊ शकते," ती म्हणाली. "तिकडेही शेड्यूल असेलच की."

"असेल... पण त्यांनी तिकडची एक प्लॅनर आधीच घेतलीय."

"आणि बाबांना भेटायचं?"

"तिकडे जरा बस्तान बसू दे. मग बघू."

'बघू' म्हणताना तो फोनमध्ये बघत होता. तिनं कॉफी एका घोटात संपवली.

एकदा तोंड पोळलं होतं त्याचं, म्हणून या वेळी त्यानं स्वतःच मेल पाठवली: प्रोजेक्ट हलवताना हे कोड सोबत हवेत. खाली यादी होती. मजला, बाजू, कंत्राटदार, कामाचा प्रकार... तिनं मोजले. चौदा. पुन्हा मोजले, मग बोट ठेवून मोजले. चौदाच.

विसरला असेल, तिनं स्वतःला सांगितलं. किंवा मेल सगळ्या साहेबांना जाणार, त्यात 'इतर' कसं लिहील बिचारा? प्रेमात पडलेलं माणूस दुसऱ्याची वकिली फार मन लावून करतं. तिनं चौदा कोड प्रोजेक्टच्या नावावर केले आणि पंधरावाही केला, कुणी न सांगता. मग प्रोजेक्ट हलवलं आणि तपासलं. तेवीसशे कामं, एकही कोड गळाला नव्हता. 'इतर' एक्केचाळीस कामांवर जिथल्या तिथं होता.

आता तो उघडून बघेल. बघितलं की आठवेल, आणि आठवलं की फोन करेल. तिनं सगळी भिस्त त्या एक्केचाळीस शब्दांवर ठेवली होती.

बावीस दिवसांत त्याचे दोन निरोप आले. 'पोचलो.' आणि 'गडबडीत आहे.' वहिनी म्हणाली, "गरज सरो, वैद्य मरो." ती वहिनीशी दोन दिवस बोलली नाही.

तेविसाव्या दिवशी, बुधवारी, सकाळी साडेअकराला नव्या विभागातून फोन आला. तिनं पहिल्याच घंटीला उचलला.

"नमस्कार ताई, मी इकडची नवी प्लॅनर." आवाज कोवळा होता, अदबीचा. "तुम्ही फार व्यवस्थित पाठवलंत सगळं. एकच अडचण आहे. 'इतर' म्हणून एक कोड आलाय."

"बरं."

"त्यात काय काय आहे बघा... 'छत्री', 'रुसवा', 'अर्धी कॉफी'... एका स्लॅबला नुसतं 'हो' आहे. आमच्या रिपोर्टमध्ये उमटतंय हे. काल बैठकीत विचारलं लोकांनी, लिफ्टच्या खड्ड्याला छत्री कशाला म्हणून."

"साहेबांना विचारलंस?"

"हे काय, इथेच उभे आहेत. थांबा हं... साहेब, त्या 'इतर'चं काय करू?"

मग लांबून त्याचा आवाज आला. तो तिनं हजार आवाजांत ओळखला असता.

"मला नाही माहीत. आधीच्या प्लॅनरनं काहीतरी टाकलं असेल. काढून टाका."

तो खरंच विसरला असता तर तिला कमी लागलं असतं. पण विसरलेला माणूस आधी 'कुठला इतर' म्हणून विचारतो. यानं विचारलंच नाही, लगेच कानावर हात ठेवले. तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"ताई, काढू?"

"काढ. कॉम्प्युटर विचारेल, एक्केचाळीस कामांना लावलेला आहे, नक्की काढायचा का."

"हो, विचारतोय."

"हो म्हण."

पलीकडे कळ दाबल्याचा बारीक आवाज आला.

"झालं," मुलगी म्हणाली. "पुन्हा लागला तर आणता येतो का ताई?"

"नाही."

"थँक्यू हं. मी नवीन आहे ना, धाकधूक होते. आता दर बुधवारी साहेब इथे बसून माझ्याबरोबर काम भरणार आहेत. फोनवर नको म्हणाले, समोर बसून बरं पडतं. तुम्हीही तसंच करायचात ना?"

"हो. तसंच."

"मग मी काही लक्षात ठेवायला हवं का?"

शेजारच्या टेबलावर कुणीतरी प्रिंटरमध्ये कागद भरत होतं.

"बुधवारी आपली स्वतःची छत्री घेऊन जात जा."

मुलगी हसली. "इकडे पाऊस नसतो हो ताई."

"तरी ने," ती म्हणाली आणि फोन ठेवला.