मागच्या दाराने

"मागच्या दाराने यायचं नाही. बाहेर व्हा," नेटवर्कच्या खोलीत बसलेली मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले.

"अहो मॅडम, माणूस तोच आहे. दार तेवढं वेगळं."

मी वळून पाहिलं. काखेत वायरींचं भेंडोळं, कपाळावर घाम आणि एवढ्या कटकटीतही हसू. रुग्णालयाचा नवा कॅमेरावाला.

दहा वाजता ऑपरेशन होतं आणि ते सहा वर्गांतल्या विद्यार्थ्यांना एकाच वेळी दाखवायचं होतं. एकच चित्र, मागेल त्या प्रत्येक वर्गाला. त्याला मल्टिकास्ट म्हणतात आणि ते स्विचमधून, म्हणजे सगळ्या वायरी जोडणाऱ्या नेटवर्कच्या पेटीतून, पोचवणं माझं काम. सकाळपासून सहाही पडदे काळे होते. आमच्या साहेबांनी काहीही न तपासता निकाल दिला होता: कॅमेरा खराब, दहापर्यंत जमलं नाही तर कॅमेरावाल्याला नारळ.

तो भांडायला आला नव्हता. कॅमेरा ठीक आहे, एकदा बघता का, एवढंच म्हणाला. मला आजवर सगळे 'करा' म्हणत आले. 'बघता का' कुणी म्हटलं नव्हतं.

"बघते. पण जा आधी, पुढच्या दाराने या."

तो निमूट निघाला... आणि मी झटकन कीबोर्ड ओढला.

"थांबा — दार!"

काल चित्रासाठी मी स्विचमध्ये दोन वाटा लिहिल्या होत्या. नवी वायर मुख्य, जुनी राखीव. ज्या वाटेचा आकडा लहान, तिच्यावर स्विचचा भरवसा. नवीला दहा आणि जुनीला दोनशे द्यायचे, ते मी उलटे दिले होते. चित्र येत होतं नव्या वायरीने, स्विच डोळे लावून बसला होता जुनीवर. भलत्या दाराने आलं म्हणून तो चित्र मुकाट्याने फेकून देत होता. अगदी माझ्यासारखा.

आकडे बदलले. कॅमेरावाला फोन कानाला लावून मोजत होता, "एक दिसला... तीन... सहा!"

दहाला चार मिनिटं कमी होती.

"साहेबांना सांगू नका," तो हळूच म्हणाला. "माझी वायर सैल होती म्हणेन."

"माझी चूक तुम्ही अंगावर का घेणार?" मी भडकले.

"तुम्ही गेलात तर मागच्या दाराने येऊ कुणाकडे?"

कान तापले माझे. पण ज्यानं काही केलंच नाही त्याची नोकरी माझ्या आकड्यापायी जावी? मी शेवटपर्यंत पडदे सांभाळले आणि मग तडक जाऊन साहेबांना सांगितलं. मी भंगारातला स्विच उघडून शिकले, पदवी नाही, हे ते दिवसातून तीनदा ऐकवतात. चौथ्यांदा ऐकवलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. तेवढ्यात ऑपरेशन संपवून डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी ते ऐकलं. चूक कुणी शोधली, त्यांनी विचारलं. मीच, म्हटलं.

"मग हिला काढून पुढच्या वेळी शोधणार कोण, तुम्ही?" त्या साहेबांना म्हणाल्या.

"उद्या वेळेवर ये," साहेब खिडकीबाहेर बघत मला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मागच्या दारावर टकटक झाली. कडी मी सकाळीच काढून ठेवली होती.

"येऊ?"

"कधीची वाट बघतेय," मी म्हणाले. "उशीर केलास."