नारिंगी नाडी

"पेरन, जोडीने लाव रे! आईच्या सपाता शेवटी!"

केरा नौकेच्या शेडच्या दारातूनच भावावर ओरडली. जीवरक्षक नौका नुकतीच धडाडत पाण्यात उतरली होती. पेजर वाजला की पोर्थगुलन बंदरातली सात माणसं हातातलं काम टाकून धावत येतात, पायातले जोडे भिरकावून समुद्राचे बूट चढवतात आणि निघतात. पगार? छदाम नाही! मागे राहिलेले जोडे ओळीत लावायचं काम सुट्टीत पोरांचं. जोडे ओळीत आहेत, म्हणजे माणसं समुद्रात आहेत.

आज त्या ओळीत पिठाने माखलेल्या सपाता होत्या. केराची आई पास्टीच्या, म्हणजे सारण भरलेल्या भाजक्या करंज्यांच्या, भट्टीवरून थेट आली होती, आणि आता नौकेचं सुकाणू तिच्या हातात होतं.

"धुकं चढतंय," रेडिओवर बसलेले नॅन्स आजोबा पुटपुटले. "आणि शोध त्या काळ्या खडकांत."

खेकडे पकडणाऱ्या बोटीला एक हिरवी कयाक, एकट्याने वल्हवायची निमुळती होडी, रिकामी वाहताना सापडली होती. ती आता धक्क्यावर पडली होती. तिच्यावर मालकाचं नाव नाही, फोन नंबर नाही! म्हणजे माणूस पाण्यात पडला असणार.

पोरं कयाकभोवती फिरली. केराची मैत्रीण रोझेन खाली वाकली. "अगं, वल्हं बांधलेलंच आहे! नारिंगी बुटाच्या नाडीने!"

"मग ती कोणी वल्हवत नव्हतंच!" केरा उडालीच. "किनाऱ्यावरून सुटून गेलीय. आजोबा, नौका परत बोलवा!"

"अंदाजावर शोध थांबत नसतो, पोरी. मालक जिवंत समोर उभा करा, मग बोलावतो."

"करतो!" पेरन म्हणाला. "आजवर इतके जोडे लावलेत, आता बिननाडीचा एक बूट नाही सापडणार?"

तिघं सुटली. बाकांखाली, आइस्क्रीमच्या रांगेत, सगळीकडे नुसते पाय!

"ए, माझ्या पायाला काय झालंय?" एक आजीबाई खेकसल्या.

"काही नाही आजी, फार छान आहेत!"

चिप्सच्या दुकानात मात्र पेरन टेबलाखालून सरपटत बाहेर आला. "खिडकीजवळ! एका बुटाला नारिंगी नाडी, दुसऱ्याला नाहीच!"

गृहस्थ मजेत चिप्स खात होते. समोर मोबाइल. निघालेल्या नौकेचं शूटिंग पुन्हा पुन्हा बघत होते!

"काका, ती हिरवी कयाक तुमची का?" रोझेनने विचारलं.

"कुठली कयाक? जा, खेळा."

केराचं डोकं तापलं, पण आवाज तिने गोडच ठेवला. "बरं झालं! पेरन, कोणाचीच नाही म्हणे. चल, आपण घेऊन टाकू. शेपटाला भोक पाडून दोर लावू!"

"हात लावू नका! नवी आहे माझी!"

सगळं दुकान वळून त्यांच्याकडे बघायला लागलं. गृहस्थांच्या हातातले चिप्स हवेतच राहिले.

"मला वाटलं, नौकावाल्यांचा सराव चाललाय," ते चाचरले. "आणि कयाक माझी सुटलीय असं कबूल केलं तर ओरडतील..."

"सात माणसं तुम्हाला शोधताहेत!" केरा किंचाळली. "माझी आई आहे त्यात! उठा!"

नॅन्स आजोबांनी त्यांना एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि रेडिओ उचलला. "माणूस सापडला. कोरडा आहे. परत या."

पलीकडून खरखर. मग आईचा आवाज. "परततोय. पण इथं काही दिसत नाहीये."

वीस मिनिटं सगळे शेडच्या दारातून धुक्याकडे बघत राहिले. मग धुक्यातून इंजिनाची घरघर आली आणि रोझेन चक्क रडायलाच लागली.

आई ओलीचिंब होऊन आत आली. तिने गृहस्थांना जोड्यांची ओळ दाखवली. "आज आमच्यातलं कोणी समुद्रातच राहिलं असतं, तर त्याचे जोडे त्याच्या घरी तुम्ही पोचवले असते का?"

आजोबांनी गृहस्थांच्या हातात जाड पेन दिलं. "नंबर लिहा कयाकवर. मोठ्या अक्षरात." मग ते पोरांकडे वळले. "आज शोध तुम्ही थांबवलात. मला हे बसल्या जागी जमलं नसतं."

एकेक जण जोडे घालून घरी निघाला. शेवटी आईने सपातांत पाय सरकवले. फरशीवर पिठाचे दोन ठसे उमटले.

"ओळ रिकामी!" पेरन ओरडला.